‘साखर’ शब्दाचा युरोपभर माग कसा काढावा

उदगीरच्या मोंढ्यालगतच्या किराणा दुकानात सकाळच्या गर्दीत अर्धा तास उभे राहिले, तर एकाच पोत्यातली एकच वस्तू चार नावांनी मागितलेली ऐकू येते. शेतकरी ‘साखर’ मागतो, दखनी बोलणाऱ्या घरातली बाई ‘शक्कर’ म्हणते, बिदरकडून आलेला पाहुणा ‘सक्करे’ म्हणतो आणि देगलूरपलीकडच्या तेलुगू भाषकाच्या तोंडी ‘चक्केर’ येते. दुकानदार चौघांनाही न अडखळता एकाच मापाने देतो. शब्दाचा माग काढायला शिकायचे असेल, तर ही जागा फार सोयीची आहे, कारण चार भाषा येथे एका तराजूपाशी येऊन मिळतात. हाच शब्द युरोपातील बहुतेक भाषांतही आहे, म्हणून घरच्या उंबऱ्यापासून निघून मॉस्को आणि लिस्बनपर्यंत त्याच्या मागे जाता येते. त्यासाठी एक वही, दोन-तीन कोश आणि पुरेसा संशय एवढेच लागते.

वहीच्या पानावर चार रकाने आखावेत : शब्दाचे रूप, ते कोठे ऐकले किंवा वाचले, त्याचा तेथील अर्थ आणि ते किती जुने आढळते. रूप लिहिताना उच्चार लिहावा, लेखनावर विसंबू नये. इंग्रजीत हा शब्द ‘स’च्या अक्षराने लिहितात आणि ‘शुगर’ असा बोलतात. इटालियनमध्ये पहिले अक्षर ‘झेड’ असले, तरी उच्चार ‘त्सुक्केरो’च्या जवळ जातो. देवनागरीचा येथे चांगला उपयोग होतो, कारण रोमन लिपीत जे फरक झाकले जातात ते आपल्या लिपीत उघडे पडतात. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि पुढे तेथेच चुकतात, म्हणून तो भरल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

सुरुवात घरच्या रूपांपासून करावी. मराठी ‘साखर’ संस्कृत ‘शर्करा’पासून आली, असे कोणीही सांगेल; परंतु ती कशी आली हे दाखवता आले, तरच त्या विधानाला किंमत येते. संस्कृतातील जोडाक्षर प्राकृतात एकाच व्यंजनाचे द्वित्त होते आणि पुढे मराठीत ते द्वित्त मोडून आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. ‘सर्प’चे ‘सप्प’ आणि मग ‘साप’, ‘हस्त’चे ‘हत्थ’ आणि मग ‘हात’, ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि मग ‘काम’, ‘कर्कटिका’ची शेवटी ‘काकडी’ झाली ती याच वाटेने. ‘शर्करा’तील ‘र्क’चे द्वित्त होऊन पालीत ‘सक्खरा’ हे रूप दिसते आणि त्याच घडणीच्या रूपातून आपली ‘साखर’ आली. एका शब्दाची साखळी जुळली म्हणजे पुरावा झाला असे समजू नये. त्याच घडणीचे आणखी तीन-चार शब्द त्याच रीतीने बदललेले दाखवता आले, तर नियम हाती आला असे मानावे.

यानंतर अर्थाकडे वळावे, आणि येथे घाई करू नये, कारण या शब्दाचे खरे गुपित त्याच्या अर्थामध्येच दडलेले आहे. ‘शर्करा’ म्हणजे मुळात रेव, बारीक खडे. सुश्रुताच्या शस्त्रक्रियाविषयक ग्रंथात मूतखड्याच्या संदर्भात ‘शर्करा’ येते, तिचा गोडाशी काही संबंध नाही. फुटलेल्या खड्याची ती कणी असते. पालीतील ‘सक्खरा’लाही खडा आणि साखर असे दोन्ही अर्थ आहेत. रस आटवून जे दाणेदार, दातांखाली करकरणारे द्रव्य तयार झाले, त्याला लोकांनी दिसण्यावरून आणि चावण्यावरून ‘रेव’ म्हटले. मराठीला पुढे मूळ अर्थाचा विसर पडला, पण गरज तीच राहिली, म्हणून मोठ्या स्फटिकांच्या साखरेला आपण ‘खडीसाखर’ म्हणतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा ‘खड्यांचे खडे’ असा प्रकार आहे, आणि रस्त्यावर टाकायची ती ‘खडी’ याच खड्याच्या कुटुंबातली आहे.

आता युरोपातील रूपे गोळा करावीत. देशवार किंवा भाषाकुलवार यादी करण्याचा मोह होतो. तसे करू नये. रूपांकडे पाहून ढीग लावावेत, जसे मोंढ्यात हरभऱ्याची प्रत पाहून वेगवेगळे ढीग लावतात. पहिल्या ढिगात रशियन ‘साखर’, आधुनिक ग्रीक ‘झाखरी’, बल्गेरियन ‘झाहर’ आणि रुमानियनमधील तिचे जवळचे रूप येते. या सर्वांत ‘ख’ किंवा ‘ह’ आणि पहिला स्वर ‘आ’ आहे. दुसऱ्यात स्पॅनिश व पोर्तुगीज ‘असूकार’, जिथे शब्दाच्या आधी एक ‘अ’ चिकटलेला आहे. तिसरा ढीग सर्वांत मोठा : इटालियन ‘त्सुक्केरो’, फ्रेंच ‘स्युक्र’, जर्मन ‘त्सुकर’, पोलिश ‘त्सुक्येर’, हंगेरियन ‘त्सुकोर’, फिनिश ‘सोकेरी’, इंग्रजी ‘शुगर’, येथे पहिला स्वर ‘उ’ किंवा त्याच्या आसपासचा आहे आणि ‘ख’चा मागमूस नाही. चौथ्यात तुर्की ‘शेकेर’ आणि बाल्कनमधील सर्बियन ‘शेचेर’. स्लोव्हेनियन मात्र कोणत्याच ढिगात बसत नाही, कारण त्या भाषेने ‘गोड’ या आपल्याच धातूपासून ‘स्लाडकोर’ हा शब्द घडवला. असा एखादा न बसणारा शब्द सापडला की आनंद मानावा. ढीग आपण मनाने लावलेले नाहीत, याची ती खूण असते.

रशियन रूपाजवळ थोडे थांबावे लागेल. रशियन माणूस साखरेला जे म्हणतो ते देवनागरीत लिहिले, तर अक्षरशः ‘साखर’ असेच लिहावे लागते. काही वर्षांपूर्वी मी हे प्रथम ऐकले, तेव्हा वहीत मोठ्या उत्साहाने ‘रशियन ही मराठीची थेट बहीण’ असे लिहून ठेवले आणि दोन वर्गांत सांगितलेही. ते साफ चुकीचे होते. रशियन ‘साखर’ ग्रीकांकडून आली, ग्रीकांनी ती भारतातील प्राकृतसदृश रूपावरून घेतली, आणि मराठी ‘साखर’ त्याच प्राकृताच्या घरातून वेगळ्या दाराने बाहेर पडली. दोन्ही रूपे आज हुबेहूब दिसतात, हा बराचसा योगायोग आहे. व्युत्पत्तीच्या कामात सर्वांत जास्त फसवतात ती हुबेहूब दिसणारी रूपेच. थोडी वेगळी दिसणारी रूपे निदान संशय तरी जागा ठेवतात.

या चुकीवरचा उपाय म्हणजे नात्याची परीक्षा. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून आलेल्या भाषा असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यातील भाषणात सुचवले आणि रशियन व इंग्रजीही याच भाषाकुलातील आहेत, हे पुढच्या शतकात नियमांनी सिद्ध झाले. म्हणून एखादा शब्द संस्कृतात आणि युरोपात दोन्हीकडे दिसला की तो रक्ताच्या नात्याने आला, असे वाटते. परंतु रक्ताच्या नात्यालाही ध्वनींची शिस्त असते. संस्कृतातील ‘श’ जेथे असतो, तेथे लॅटिनमध्ये ‘क’ आणि इंग्रजी-जर्मन शाखेत ‘ह’ यावा लागतो : ‘शत’, लॅटिन ‘केंटुम’, इंग्रजी ‘हंड्रेड’; ‘श्वन्’ म्हणजे कुत्रा, लॅटिन ‘कानिस’, इंग्रजी ‘हाउंड’. ‘शर्करा’ हा वारसा असता, तर लॅटिन शब्द ‘क’ने आणि इंग्रजी शब्द ‘ह’ने सुरू झाला असता. प्रत्यक्षात लॅटिन ‘सक्खरुम’ आणि इंग्रजी ‘शुगर’ आहे. म्हणजे युरोपात हा शब्द वारशाने आला नाही. मालाबरोबर पाहुणा म्हणून आला आणि तेथेच राहिला. हंगेरियन आणि फिनिश या भाषा तर या कुलातल्याच नाहीत, तरीही त्यांच्याकडे तोच शब्द आहे, हा त्याला आणखी एक पुरावा.

ताळा करण्यासाठी वहीत शेजारीच ‘मध’ हा शब्द लिहावा. संस्कृत ‘मधु’, रशियन ‘म्योद’ म्हणजे मध, लिथुआनियन ‘मेदुस’, ग्रीक ‘मेथ्यु’ म्हणजे मद्य, इंग्रजी ‘मीड’ म्हणजे मधापासूनचे मद्य : येथे ध्वनींची शिस्त पुरेपूर पाळलेली आहे, आणि अर्थही मध व मद्य या दोनच जागांभोवती फिरतात. तेव्हा एका रशियन स्वयंपाकघरात शेजारी ठेवलेल्या दोन बरण्यांपैकी मधाच्या बरणीवरील शब्द आपल्या ‘मधा’चा सख्खा चुलतभाऊ आहे, आणि साखरेच्या बरणीवरील शब्द लांबच्या प्रवासाने आलेला पाहुणा. ही परीक्षा एकदा जमली की बाकीचे काम पुष्कळ सोपे होते.

पाहुणा कोणत्या वाटेने आला हे ठरवण्यासाठी वाट आणि काळ दोन्ही लागतात. ग्रीकांच्या बाबतीत पुरावा बोलका आहे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने इ. स. पूर्व चौथ्या शतकात भारतातील ऊस पाहून मधमाशीशिवाय मध देणारी वेतासारखी वनस्पती असे तिचे वर्णन केले. वस्तू दिसली, पण तिचे नाव त्याच्या वर्णनात नाही. नाव येते ते इ. स. पहिल्या शतकात. ग्रीक वैद्य डायोस्कोरायडीस आणि रोमन लेखक प्लिनी हे दोघेही ‘सक्खर’ घराण्यातील शब्द वापरतात, ती वस्तू भारतात आणि अरबस्तानात मिळते असे सांगतात, ती दातांखाली फुटते असेही दोघे नोंदवतात, आणि प्लिनी तिचा उपयोग केवळ औषधासाठी होतो असे म्हणतो. वस्तूबरोबर ‘रेव’ हा अर्थ गेला नाही. अनुभव मात्र गेला. रूपाकडेही पाहावे : ग्रीक शब्दात ‘क’च्या आधी ‘र’ नाही आणि ‘क’ला महाप्राण (‘ह’कार) आहे, म्हणजे ग्रीक कानावर संस्कृत ‘शर्करा’ पडली नव्हती, तर ‘सक्खरा’सारखे काही पडले होते. बंदरात पंडित भेटत नाहीत, व्यापारी आणि तांडेल भेटतात.

आपल्याकडच्या वाचकाला येथे आणखी एक मोह होतो, तो मोकळेपणाने सांगितलेला बरा. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून माल पाठवणाऱ्या दोन गावांची नावे आहेत, पैठण आणि तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. भडोचच्या बाजूने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालात ‘सक्खरी’ नावाच्या बोरूच्या मधाचीही नोंद त्याच ग्रंथात आहे. यावरून ‘पैठणची साखर रोमला गेली’ असे वाक्य कोणीही लिहील, आणि तसे लिहिलेले मी वाचलेही आहे. ग्रंथात तसे काहीच नाही. त्यात पैठणहून गोमेद आणि तेरहून कापड जाते असे म्हटले आहे. पुराव्यातील दोन ओळी शेजारी असल्या म्हणून त्यांचे लग्न लावू नये.

दुसरा आणि तिसरा ढीग अरबीतून आलेले आहेत. फारसी ‘शकर’वरून अरबी ‘सुक्कर’ झाले, त्यामुळे ‘उ’ स्वर आला. स्पेनमध्ये अरबांची सत्ता ७११ पासून १४९२ पर्यंत या ना त्या स्वरूपात होती आणि तेथील लोकांनी अनेक अरबी शब्द ‘अल’ या उपपदासकट उचलले. ‘अल’ पुढच्या ‘स’मध्ये मिसळून ‘अस्सुक्कर’ असा उच्चार होतो, त्याचीच ‘असूकार’ झाली. सिसिली बेटावर नवव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत अरब होते आणि उसाची लागवडही तेथे होती, पण इटालियनांनी उपपद घेतले नाही. एकाच उदाहरणावर हा फरक मांडू नये, म्हणून ताळ्याला कापूस घ्यावा : अरबी ‘कुत्न’ स्पॅनिशमध्ये ‘अल्गोदोन’ झाले, इटालियनमध्ये ‘कोतोने’. तोच फरक पुन्हा दिसला, म्हणजे वाट पक्की झाली. इटालियन व फ्रेंच रूपांतून पुढे जर्मनी, पोलंड, हंगेरी आणि स्कँडिनेव्हियाकडे शब्द पसरला. इंग्रजीत तो फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या सुमारास आला.

चौथा ढीग तुर्कांनी फारसीतून नेला. येथे मात्र ‘जेथे ज्याचे राज्य, तेथे त्याचा शब्द’ असा सोपा नियम लावता येत नाही. बल्गेरियावर तुर्कांचे राज्य जवळपास पाच शतके होते, तरी तेथे ग्रीक वळणाचे ‘झाहर’ टिकले, आणि शेजारच्या सर्बियात तुर्की वळणाचे ‘शेचेर’ रुजले. आपल्याकडेही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा उर्दू होती, त्यामुळे ‘मोंढा’, ‘दवाखाना’, ‘दफ्तर’ बोलणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्याने ‘शक्कर’ म्हणायला हवे होते. तो आजही ‘साखर’च म्हणतो.

काळ ठरवण्याचे एक साधन ध्वनीतही असते, आणि ते मला सर्वांत जास्त आवडते. मिऱ्याचा शब्द घ्यावा. संस्कृत ‘पिप्पली’वरून ग्रीक ‘पेपेरी’, लॅटिन ‘पिपेर’, इंग्रजी ‘पेपर’ आणि जर्मन ‘प्फेफर’. साधारण पाचव्या ते आठव्या शतकाच्या दरम्यान जर्मनमध्ये ‘प’चा ‘प्फ’ किंवा ‘फ’, ‘त’चा ‘त्स’ किंवा ‘स’ आणि स्वरांनंतरच्या ‘क’चा ‘ख’ होण्याचा मोठा पालट झाला. मिऱ्याच्या शब्दाने तो पालट अनुभवला, म्हणजे तो त्याच्याआधीच जर्मनांच्या घरात होता. ‘त्सुकर’मधला ‘क’ मात्र तसाच शाबूत आहे. हा पाहुणा पालट होऊन गेल्यावर आला. दोन्ही शब्द एकाच देशातून निघाले, पण एक रोमन काळात पोहोचला आणि दुसरा मध्ययुगात, आणि एकही जुना कागद न उघडता हे कळते.

युरोपात गेलेला शब्द तेथे स्वस्थ बसला नाही. १७४७ मध्ये मार्ग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बीटच्या मुळात साखर असल्याचे दाखवले आणि १८०१ मध्ये त्याच्या शिष्याने, आखार्ड याने, बीटसाखरेचा कारखाना काढला. ऊस गेला, नाव राहिले. १८७९ मध्ये डांबरातील रसायनांवर काम करताना फाहलबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला एक अतिगोड पदार्थ सापडला, त्याला लॅटिन रूपावरून ‘सॅकरिन’ नाव मिळाले, म्हणजे जी साखर नाही तिलाही ‘शर्करे’चेच नाव. पोर्तुगीजांनी मलबार किनाऱ्यावरील ‘चक्करा’वरून ‘जागरा’ केले, त्याचे इंग्रजीत ‘जॅगरी’ झाले. त्यामुळे लातूरच्या दुकानातील गुळाच्या पाकिटावर ‘साखर नाही, शुद्ध जॅगरी’ असे छापलेले असते, तेव्हा छापणाऱ्याला ठाऊक नसते की त्याने एकच शब्द दोनदा लिहिला आहे. दवाखान्याच्या बाकावर ‘त्यांना शुगर आहे’ असे ऐकू येते, तोही हाच शब्द, युरोप फिरून घरी परतलेला; जर्मनमध्ये मधुमेहाला ‘साखरेचा आजार’ म्हणण्याची पद्धत आहेच. घरातील शब्द मोजून पाहावेत : साखर, शर्करा, शक्कर, शुगर, जॅगरी, सॅकरिन. चौथ्या रकान्यात प्रत्येकाची आगमनवेळ वेगळी निघेल.

कोश वापरताना दोन खुणा ओळखायला शिकावे. शब्दाआधी तारा असेल, तर ते रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही, विद्वानांनी नियमांवरून मांडलेले आहे. ‘तुलना करा’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ ‘त्यापासून आला’ असा होत नाही. आपल्याकडे बहुसंख्य चुका येथेच होतात. मराठी अर्थांसाठी मोल्सवर्थचा कोश, विशेषतः १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि भारतीय-आर्य भाषांतील नात्यांसाठी टर्नरचा तुलनात्मक कोश हे दोन्ही संगणकावर मोफत पाहता येतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश जवळ असावा, पण त्यातील प्रत्येक नोंद टर्नरशी ताडून पाहावी.

लोकव्युत्पत्तीपासून मात्र जपावे, कारण ती गोड असते. दिवाळीतल्या ‘शंकरपाळ्यां’चा शंकराशी संबंध नाही, फारसी ‘शकरपारा’ म्हणजे साखरेचा तुकडा, त्याला आपल्या कानाने देवाचे नाव दिले. हिंदीतील ‘चीनी’त चीन आहे आणि ‘मिश्री’त मिस्र म्हणजे इजिप्त आहे, म्हणून साखर तेथून आली असे ठरवू नये, नाव कधी वस्तूच्या उगमावरून पडते, तर कधी बाजारात नावाजलेल्या तिच्या एखाद्या प्रकारावरून. उलट बाजूने, सिंधू संस्कृतीपासून कापूस आपल्याकडे पिकतो, तरी युरोपातील अनेक भाषांत त्याचे नाव अरबी आहे. वस्तू आणि शब्द एकाच गाडीतून प्रवास करतीलच असे नाही.

पुढचा सराव ‘पिप्पली’वर करावा. वहीच्या तिसऱ्या रकान्याकडे नीट लक्ष द्यावे : आपल्याकडे ‘पिंपळी’ हे लांबट औषधी फळ आहे आणि काळ्या गोल दाण्याला ‘मिरी’ म्हणतात, तर युरोपात पिंपळीचे नाव जाऊन मिऱ्यावर बसले आहे. ते नाव एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर कोणत्या बंदरात आणि कोणत्या भाषेत सरकले, हे शोधण्यासाठी ग्रीक आणि लॅटिन रूपांचे दोन नवे ढीग लावून कामाला लागावे.